इंफाळची हरिकेन, १/७२ : कापडी शेपटाचा रंग आणि ठाण्यातला पावसाळा

तलावपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हॉकर हरिकेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, त्याचं प्लास्टिकचं मॉडेल बांधायला घेतलंय. मार्क टू-सी, चार वीस मिलिमीटर तोफांवालं, १/७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, किट आर्मा हॉबीचं. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० फूट, टेबलावर तेच जेमतेम १७ सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत काय दाखवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवण्यातच या स्केलची खरी मजा आहे.

हरिकेनच्या बहुतेक खोक्यांवर १९४० चं इंग्लंड असतं. ते छानच दिसतं, पण मला इंफाळ करायचंय. १९४४ मध्ये आपल्या हवाई दलाचं १ नंबर स्क्वाड्रन, टायगर्स, तिथे हरिकेन उडवत होतं. कमांडिंग ऑफिसर होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, वय पंचवीस. मार्चअखेर जपान्यांनी कोहिमा-इंफाळ रस्ता तोडला. २२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडापाशी दोन्हीकडच्या तुकड्या भेटल्या, तोवर खोऱ्याची सगळी रसद विमानांनीच पोचवली. या काळात टायगर्सची हरिकेन टेहळणीला जोडीने जायची. एक वैमानिक खाली झाडीतल्या वाटा, पूल, ट्रक शोधायचा. दुसरा त्याच्या मागे नागमोडी उडत आकाश राखायचा. ३ जूनला माउंटबॅटन यांनी इंफाळमध्येच अर्जन सिंग यांना डीएफसी हे शौर्यपदक दिलं. पुढे २००२ मध्ये ते मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स झाले.

हे सगळं आपल्या माणसांनी केलेलं आहे आणि मॉडेलवाल्यांच्या कपाटात ते फार क्वचित दिसतं. म्हणून हा खटाटोप.

आता कामाचं. कॉकपिट झालंय, धड जोडून झालंय, पंख बसलेत, फटी भरून घासून घेतल्यात. रंगसंगती अशी ठरवलीय: वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे. पंखांवरच्या आणि अंगावरच्या चक्रांत, म्हणजे ओळखीच्या गोल खुणांत, लाल अजिबात नाही. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, त्यामुळे घाईत लाल दिसलं की आपल्याच विमानावर गोळी सुटायची भीती. म्हणून या आघाडीवर चक्रातला लाल काढून टाकला आणि गडद निळ्याच्या आत पांढरा किंवा फिकट निळा ठेवला. शेपटीवरच्या पट्ट्यांतूनही लाल गेला. चक्रं आकारानेही लहान होती. खोक्यातली इंग्लंडची डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) त्यामुळे निरुपयोगी, वेगळी आणावी लागली.

अडलंय ते मागच्या अर्ध्या भागावर. हरिकेनचं नाक आणि पंख धातूच्या पत्र्याचे, पण कॉकपिटच्या मागे सगळं कापड: आत नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, वर लिनन. किटमध्ये त्या पट्ट्यांचे उंचवटे दिलेत. ते तसेच ठेवू की घासून कमी करू? आणि रंग जुना झालेला तिथे कसा दाखवायचा? नेटवर पाहिलेल्या निम्म्या मॉडेलवर मागच्या भागावरही चंदेरी टवके काढलेत. मला ते पटत नाही. कापडातून चांदी कशी दिसेल?

ऐरोली_सेक्टर_८

विषय एकदम आवडीचा. आधी एक शंका दूर करून घ्या. पंखांवर आणि शेपटावर पांढरे आडवे पट्टे रंगवणार असाल तर रंगवू नका. बर्मा आघाडी म्हटलं की लोक ते पट्टे काढतातच, पण ते १९४५ च्या सुरुवातीला आले. इंफाळच्या वेढ्यात नव्हते.

उंचवट्यांबद्दल माझं मत: ठेवा. १/७२ मध्ये सगळं थोडं ठळकच करावं लागतं, नाहीतर दोन फुटांवरून काही दिसत नाही.

तलावपाळी

पट्टे नाहीतच, हे बरं झालं सांगितलंत. वर लिहायचं राहिलं होतं.

उंचवट्यांवर मात्र अजून मन बसत नाही. जुन्या फोटोंत उन्हात उभ्या हरिकेनचं मागचं अंग बघा. शेपटाकडे जाणाऱ्या लांब रेषा दिसतात, पण त्यांच्या मध्ये खोलगट पन्हळी नाहीत.

येऊरचा_वारा

किट पाहिलंय. माझ्या मते उंचवटे फार नाहीत. प्रायमर आणि रंगाचे थर बसले की आपोआप मऊ होतात. फक्त ब्रशने जाड थर देऊ नका. टामियाचे रंग घेणार असाल तर एक्सएफ-८१ हा हिरवा आणि एक्सएफ-८३ हा खालचा राखाडी, दोन्ही ब्रिटिश छटांसाठीच काढलेत. डार्क अर्थसाठी एक्सएफ-५२ मध्ये थेंबभर पिवळट मिसळतो मी. हम्ब्रोल वापरणाऱ्यांना सोपं आहे: २९, ३० आणि १६५.

हिरव्यात आणि मातीरंगात किंचित पांढरा घालाच. एवढ्या लहान वस्तूवर मूळ छटा जशीच्या तशी मारली की विमान काळपट दिसतं.

डोप_आणि_दोरा

तलावपाळी, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. हरिकेन आमच्या आधीच्या पिढीचं, पण डाकोटा या वाहतूक विमानावर मी बरीच वर्षं काम केलंय. डाकोटाचं अंग पत्र्याचं असलं तरी एलेरॉन, एलिव्हेटर, रडर, म्हणजे विमान वळवणारे पंखांचे आणि शेपटाचे हलते भाग, कापडी. त्यामुळे कापड कसं चढवतात आणि कसं जुनं होतं, हे हातानं केलेलं आहे.

कापड सांगाड्यावर ओढून बसवायचं. मेण लावलेल्या दोऱ्यानं प्रत्येक रिबला, म्हणजे आतल्या आडव्या फासळीला, शिवायचं, ठरावीक अंतरावर गाठ. शिवणीवर कापडाचीच पट्टी, कडा नागमोडी कात्रीनं कापलेल्या, म्हणजे सुटत नाहीत. मग डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लेप. पहिला हात ब्रशनं दाबून, कापडात मुरला पाहिजे. डोप सुकताना कापड आकसतं. नीट झालेल्या रडरवर टिचकी मारली की डफासारखा आवाज यायचा. तो आवाज आला नाही तर आमचे सार्जंट काम पुन्हा करायला लावायचे.

याचा अर्थ तुमच्यासाठी असा: ताणलेलं कापड दोन पट्ट्यांच्या मध्ये झोळीसारखं पडत नाही. सरळ राहतं. जिथे पट्टी आहे तिथे बारीक कड उमटते, एवढंच. तेव्हा घासून कमी करा, पण पूर्ण घालवू नका.

टवक्यांबाबत तुम्ही बरोबर आहात. पत्र्यावरचा रंग खपली होऊन निघतो, खाली धातू चमकतो. कापडात डोप मुरलेला असतो, तो असा निघत नाही. उन्हानं फिका पडतो, हात लागून लागून गुळगुळीत होतो, फाटलं तर ठिगळ लागतं. आम्ही आधी लालसर डोप लावायचो आणि त्यावर ॲल्युमिनियमची पूड घातलेला. तो उन्हापासून कापड वाचवायला असतो. फार झिजलं तर ती राखट चमक कुठेतरी दिसेल, पण टवके नाहीत.

तलावपाळी

काका, मनापासून आभार. पुस्तकातून हे मला असं कधीच कळलं नसतं.

म्हणजे एकाच विमानावर दोन तऱ्हेचं जुनेपण दाखवायचं. नाकाच्या पत्र्यांवर सांध्यांत गडद वॉश (फार पातळ रंग), फिटर जिथे झाकणं उघडत असतील तिथे कडांना टवके. मागे यातलं काहीच नाही, फक्त रंगाची छटा फिकी. हरिकेनमध्ये वैमानिक डाव्या बाजूने चढायचा, म्हणून पंखाच्या मुळाशी डावीकडे जास्त झीज आणि उजवीकडे कमी. दोन्हीकडे सारखे टवके काढले की लगेच नकली वाटतं, माझं तरी असंच ठाम मत झालंय.

धुराचं काय? एक्झॉस्टची काळी पट्टी धडाच्या बाजूने मागे जाते, म्हणजे पत्र्यावर सुरू होऊन कापडावर संपते.

डोप_आणि_दोरा

कापडावर काजळी बसते ती पुसून निघत नाही. आम्ही साबणाच्या पाण्यानं धुवायचो तरी डाग राहायचा. पत्र्यावर तीच काजळी पुसली जाते. म्हणून मागे पट्टी जरा जास्त राहू द्या, कडा मऊ ठेवा.

खारेगावकर

एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. इंफाळच्या लढाईत आझाद हिंद सेना समोरच्या बाजूला होती. मोइरांगला १४ एप्रिल १९४४ ला कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला, ते गाव इंफाळपासून फार लांब नाही. पालेलच्या धावपट्टीवर आझाद हिंदच्याच जवानांनी हल्ल्याचा प्रयत्न केला होता. मग ज्या विमानावर ब्रिटिशांचं चक्र आहे त्याचं मॉडेल आपण 'आपलं' म्हणून करायचं का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

तलावपाळी

राग कशाला? प्रश्न रास्त आहे आणि किट घेतानाच माझ्या मनात तो आला होता.

त्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना आपली माणसं होती. माझ्या मते म्हणूनच इंफाळ दाखवायला हवं. टायगर्सचे वैमानिक, फिटर, शस्त्रं सांभाळणारे आरमरर भारतीय होते. १ एप्रिल १९३३ ला कराचीत ड्रिग रोडला हे स्क्वाड्रन उभं राहिलं ते जुन्या वापिती विमानांवर, आणि दशकभरात ते इंफाळला हरिकेन उडवत होतं. १९४७ नंतरचं आपलं हवाई दल याच माणसांनी उभं केलं. १९६५ च्या युद्धात अर्जन सिंग हवाई दलप्रमुख होते. त्यांची गोष्ट आझाद हिंदच्या गोष्टीला छोटी करत नाही. मोइरांगलाही आझाद हिंदचं संग्रहालय आहे आणि मला तिथे जायचं आहे.

चक्र ब्रिटिशांचं होतं, ते मी तसंच रंगवणार. बदललं तर खोटं होईल.

खारेगावकर

समजलं. हे पटलं. फोटोखाली ओळीत एवढं लिहाच, नुसतं 'हरिकेन' नको.

ऐरोली_सेक्टर_८

मूळ मुद्द्याकडे. धाग्याच्या नावात पावसाळा लिहिलाय त्यावर कोणी बोललंच नाही.

ठाणे-ऐरोली पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये क्लिअर कोट मारताना फार सांभाळावं लागतं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे जमते आणि कोट दुधट पडतो. लॅकरवर हे सगळ्यात जास्त. उपाय एकच: खोलीत आधी तासभर एसी लावून हवा कोरडी करा, पातळ थर द्या, दोन थरांत वेळ सोडा. दुधटपणा आलाच तर सावकाश सुकणारा थिनर अगदी हलका मारला की बरेचदा उतरतो. कंप्रेसरला पाणी अडवणारी वाटी हवीच, पावसात ती बघता बघता भरते. मी दर थराआधी रिकामी करतो.

डिकल लावायच्या आधी ग्लॉस कोट चुकवू नका. मॅट रंगावर थेट लावली की खाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी झाक येते. तुमच्या निळ्या-पांढऱ्या चक्रावर ती लगेच डोळ्यात भरेल. ग्लॉसवर मायक्रो सेट, त्यावर डिकल, मग डिकल मऊ करणारं मायक्रो सोल, आणि सगळ्यात शेवटी मॅट.

येऊरचा_वारा

+१. सोल लावल्यावर डिकल सुरकुतते, तेव्हा घाबरून बोट लावायचं नाही. तशीच ठेवली की सुकताना आपसूक बसते. मागच्या कापडी भागावर तर सोल हवंच, नाहीतर उंचवट्यांवर डिकल तंबूसारखी ताणून राहील.

घोडबंदरवाली

मी यातली नाही, पण धागा सगळा वाचला. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. लढाऊ विमानांची सगळी नावं पाठ. कोलशेतच्या एअर फोर्स स्टेशनजवळून गाडी गेली की बोलणं थांबवून बाहेर बघत राहतो. त्याच्या हातात काय द्यावं? एअरब्रश वगैरे आत्ता नको. आणि वासाचं काय? आमचा फ्लॅट लहान आहे.

तलावपाळी

ताई, नक्की द्या. सुरुवातीला एअरफिक्सचा १/७२ चा स्टार्टर सेट घ्या, त्यात गोंद, ब्रश आणि लागतील तेवढे रंग येतात. हरिकेन मार्क वनचाही मिळतो. त्यात तोफा नाहीत, पंखांत आठ मशीनगन आहेत. त्याला हा फरक स्वतः शोधू द्या, फार आनंद होईल.

रंग पाण्यात मिसळणारे असतात, त्यांचा त्रास नाही. गोंद वापरताना मात्र खिडकी उघडी, पंखा चालू, आणि आपण शेजारी बसायचं. सुट्टे भाग आधी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्यातून काढताना लावलेला तेलकट थर राहिला की रंग धरत नाही. भाग फ्रेममधून हाताने पिळून काढू देऊ नका, नेलकटरने कापा आणि राहिलेला टोकदार भाग बारीक पॉलिश पेपरने घासा. ४०० ने सुरू करून १००० वर संपवायचं, पाणी लावून.

काचेसाठी, म्हणजे कॅनपीसाठी, इन्स्टंट ग्लू बिलकुल वापरू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होतं. लाकडाचा पांढरा फेविकॉल काडीने लावायचा. सुकला की दिसत नाही आणि पकडही पुरेशी येते.

घोडबंदरवाली

किती छान समजावलंत. फेविकॉल घरातच आहे! बाकी हत्यारं कुठे मिळतील?

येऊरचा_वारा

ताई, चिमटा, कटर, पॉलिश पेपर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मिळून जाईल. बारीक ड्रिल, हातात धरायची छोटी फिरकी वगैरे हवं असेल तर मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. तिथे अर्धा दिवस कसा जातो कळत नाही. पण पहिल्या विमानाला त्यातलं काही लागत नाही. विमान झालं की ठेवायला फिश टँक बनवणाऱ्याकडून काचेची पेटी करून घ्या, धूळ ही मॉडेलची खरी शत्रू.

डोप_आणि_दोरा

घोडबंदरवाली, मुलाला एकदा दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात न्या. हरिकेन, स्पिटफायर, नॅट सगळं एका ठिकाणी आहे. खोक्यावरचं चित्र बघणं आणि त्या विमानाच्या पंखाखाली उभं राहणं यात खूप फरक आहे.

तलावपाळी

मंडळी, अपडेट. रंग झाला.

काकांच्या सांगण्याप्रमाणे मागचे उंचवटे ओल्या १००० च्या पेपरने हलके उतरवले. नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, पण दिवा बाजूने धरला की त्या लांब रेषा बरोबर उमटतात. फोटोंत दिसतं तसंच. आधी डार्क अर्थ सगळीकडे, मग ब्लू टॅकच्या (चिकट मऊ पुट्टीच्या) बारीक वळ्या करून नक्षीच्या कडेने ठेवल्या आणि हिरवा मारला. वळीमुळे कड किंचित मऊ येते, टेपसारखी कापल्यागत नाही. नंतर मागच्या भागासाठी तेच दोन रंग थोडे पांढरट करून, फार पातळ, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत फिरवले. पुढे पत्र्यावर तसं केलं नाही. आता एकाच रंगाचं पुढचं आणि मागचं अंग वेगळ्या वस्तूचं वाटतंय, आणि मला नेमकं हेच हवं होतं.

प्रोपेलरच्या पात्यांची पिवळी टोकं खऱ्या विमानावर ४ इंच, म्हणजे इथे दीड मिलिमीटरलाही कमी. टेपची बारीक पट्टी लावून केली. तीन पाती, तिन्ही सारखी आली.

चिखलाबद्दल मात्र हात आवरता घेतला. मणिपूरची माती आणि मणिपूरचा पाऊस म्हणजे चाकांना, पायांच्या झाकणांना आणि पंखांखाली थोडा लालसर चिखल हवाच. हरिकेनची चाकं एकमेकांपासून बरीच लांब, त्यामुळे खराब जमिनीवर ते बरं उभं राहायचं. पण ज्या विमानावर फिटर रोज हात फिरवत होते, ते भंगारातलं वाटता कामा नये. वेदरिंगच्या, म्हणजे जुनेपण दाखवण्याच्या, नावाखाली विमानं गंजलेली दाखवतात त्याचं मला वाईट वाटतं. त्या फिटरांच्या मेहनतीचा त्यात अपमान होतो.

डोप_आणि_दोरा

हे वाचून फार बरं वाटलं. विमान मळतं, पण रोज पुसलं जातं. फिटरला आपलं विमान नंबरावरून नव्हे, डागांवरून ओळखू येतं.

ऐरोली_सेक्टर_८

फोटो मोठे करून पाहिले. तोफांच्या मागे पंखाखाली धुराचे डाग अजून नाहीत, ते राहिलेत का?

तलावपाळी

हो, ते मॅट कोटनंतर. कोरडी पेस्टलची पूड मऊ ब्रशने लावणार, म्हणजे जास्त झालं तर पुसता येईल. कॅनपी त्यानंतर.

काका, एक शेवटचं. एलिव्हेटर आणि रडरवर शिवणीवरच्या त्या पट्ट्या दाखवाव्यात का? रुंदी किती धरू?

डोप_आणि_दोरा

साधारण दोन इंच धरा. तुमच्या मापात पाऊण मिलिमीटरही भरत नाही, तेव्हा रंगाने काढायच्या भानगडीत पडू नका. कठीण शिशाची पेन्सिल टोकदार करा, रिबच्या दोन्ही अंगांना एकेक पुसट रेघ ओढा आणि वरून मॅट कोट मारा. रडरला आधी करून बघा. आवडलं तर एलिव्हेटरला.